रात्रपाळीत एकाच वेळी पाच ठिकाणांहून हाक आली, तर आधी कोणाकडे जावे?

प्रश्न : नवीन अधिपरिचारिका, स्त्री वैद्यकीय कक्ष

नमस्कार. जीएनएम (परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम) पूर्ण करून मी एका शासकीय रुग्णालयात रुजू झाले असून सध्या स्त्री वैद्यकीय कक्षात माझी रात्रपाळी चालू आहे. कक्षात साधारण ३५ रुग्ण असतात आणि रात्री आम्ही दोघीच असतो. त्यातली एक जण बराच वेळ नवीन भरती आणि केसपेपर यांतच अडकलेली असते. परीक्षेत प्राधान्यक्रमाचे प्रश्न मला सोपे जात, कारण तिथे प्रत्येक रुग्णाची हवी तेवढी माहिती आधीच छापलेली असते. कक्षात ती माहिती आपणच गोळा करायची असते, आणि ती गोळा करायला आधी कोणाकडे जायचे, इथेच माझी अडचण होते.

नमुना म्हणून एक प्रसंग मांडते. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. बेड ४ वरच्या मधुमेही आजींना साडेसातला इन्सुलिन दिलेले आहे, पण त्यांनी जेवणाचे दोन घास खाऊन उलटी केली आणि आता सून सांगते आहे की आजींना दरदरून घाम येतो आहे. बेड ९ च्या रुग्णाची रक्ताची पिशवी वॉर्डबॉय मामांनी रक्तपेढीतून आताच आणून टेबलावर ठेवली आहे. बेड १२ वरच्या न्यूमोनियाच्या बाई ऑक्सिजनवर आहेत; संध्याकाळभर त्या मास्क ओढून काढत होत्या, आरडाओरडा करत होत्या, आता मात्र शांत झोपल्या आहेत. बेड १७ चे नातेवाईक सलाईन संपली म्हणून मोठ्याने ओरडत आहेत. अपघात विभागातून डेंग्यूची एक तरुण मुलगी ट्रॉलीवर येऊन दारात थांबली आहे, आणि दहाची अँटिबायोटिक्स तर सगळ्या कक्षाला द्यायची आहेतच.

माझा कल आधी सलाईन बदलून आवाज शांत करावा, मग रक्त लावावे, मग आजींची साखर पाहावी, असा होता. बेड १२ च्या बाई झोपल्या असल्याने त्यांचे नाव माझ्या यादीत शेवटी होते. हा क्रम बरोबर आहे का, आणि नसेल तर अनुभवी सिस्टर मंडळी असा क्रम मनात कसा लावतात, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : परिसेविका, वैद्यकीय कक्ष

ताई, प्रश्न फार नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही नेमके देते. आधी बेड १२.

न्यूमोनियाचा रुग्ण संध्याकाळभर अस्वस्थ असतो आणि नंतर कोणतेही नवे औषध न देता एकाएकी शांत होतो, तेव्हा तो बरा झाला म्हणून शांत झाला की दमला म्हणून, याचा निकाल लावल्याशिवाय दुसरीकडे वळू नये. मेंदूला ऑक्सिजन कमी पडू लागला की रुग्ण आधी बेचैन होतो, मास्क ओढतो, कोणाला तरी मारायला धावतो. श्वासाचे स्नायू थकून शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की तोच रुग्ण गुंगीत जातो. कक्षातल्या बाकी सगळ्यांना ते झोप लागल्यासारखे वाटते, आणि शेजारच्या खाटेवरची बाई तर म्हणते, "बरं झालं, एकदाची झोपली." म्हणून खाटेजवळ जाऊन नावाने हाक मारायची. डोळे उघडून नीट उत्तर दिले तर ती झोप. हाकेला नुसते कण्हत असतील, चिमटा काढल्यावरच हात हलत असेल, तर तो तातडीचा कॉल. मास्क जागेवर आहे का, सिलिंडर किंवा भिंतीवरचा फ्लोमीटर खरोखर चालू आहे का, खाटेचे डोके वर आहे का, हे पाहता पाहता छातीकडे नजर ठेवून श्वास पूर्ण १ मिनिट मोजायचा. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारे यंत्र) हाताशी आणून ठेवायला त्याच वेळी कोणाला तरी सांगायचे.

बेड ४ च्या आजी याच मिनिटात, जोडीदार सिस्टरच्या वाट्याला. इन्सुलिन पोटात अन्न नसताना काम करत राहते, आणि घाम हे साखर उतरल्याचे सुरुवातीचे लक्षण आहे. बोलणे अडखळणे, बेशुद्धी आणि झटके त्यानंतर येतात. ग्लुकोमीटरवर एचजीटी (बोटाच्या रक्ताची साखर तपासणी) करायला १ मिनिट लागते. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर असेल आणि आजी शुद्धीवर असून गिळू शकत असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. उलट्या चालूच असतील किंवा त्या नीट जाग्या नसतील, तर तोंडाने काहीही न देता डॉक्टरांच्या आदेशाने शिरेतून डेक्स्ट्रोज. कक्षात खरोखर तुम्ही एकट्याच असाल, तर बेड १२ कडे जाताना बेड ४ वरून जा, आजींना नाव विचारा, सुनेला त्यांच्याजवळच थांबायला सांगा, आणि परतताना ग्लुकोमीटर घेऊनच या.

रक्ताची पिशवी वेगळ्या प्रकारात मोडते. तिथे रुग्णाची प्रकृती या क्षणी ढासळत नाही, पण पिशवीचे घड्याळ चालू झालेले आहे. शीतपेटीतून बाहेर काढल्यापासून ३० मिनिटांत ती लावायची आणि ४ तासांत संपवायची, हा नियम जंतुवाढीच्या धोक्यामुळे आहे. शिवाय पहिली १५ मिनिटे रुग्णाजवळ कोणीतरी थांबले पाहिजे, कारण रक्तगट न जुळल्याची प्रतिक्रिया बहुधा पहिल्या काही मिलिलिटरमध्येच दिसते. आज तुम्हाला ती १५ मिनिटे देता येणार नाहीत, हे दिसत असेल तर पिशवी वेळेत रक्तपेढीला परत पाठवा. कक्षातल्या फ्रिजमध्ये ठेवू नका. त्या फ्रिजचे तापमान रक्तासाठी राखलेले नसते. खरे म्हणजे हात मोकळे झाल्याची खात्री झाल्यावरच मामांना पिशवी आणायला पाठवावे.

सलाईनबद्दल एकच प्रश्न विचारायचा : बाटलीत काय होते? साधे नॉर्मल सलाईन असेल, तर जाता जाता रोलर बंद करायला ५ सेकंद लागतात आणि उशीर झालाच तर फार तर इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली नळी) बंद पडून पुन्हा टोचावे लागेल. त्याच बाटलीत नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू असेल, तर बाटली संपणे म्हणजे रक्तदाब कोसळणे, आणि मग बेड १७ थेट वर सरकतो. आवाज किती मोठा आहे, यावरून यातले काहीच कळत नाही.

दहाच्या अँटिबायोटिक्सकडेही असेच पाहा. पाचव्या दिवसाचा डोस अर्धा तास पुढे गेला तर बहुतेक वेळा निभावते. आजच भरती झालेल्या, रक्तदाब खाली आलेल्या सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णाचा पहिला डोस मात्र तासाभरात गेलाच पाहिजे. औषधांच्या ट्रॉलीवर हे दोन्ही डोस शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि वहीत दोन्हींच्या पुढे दहा हीच वेळ लिहिलेली असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. क्रम हाका आल्यावर लावायला घेतला तर उशीर होतो. तो ओव्हर घेतानाच, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा घेतानाच, लावायचा असतो. टेबलाशी उभे राहून वहीतून ओव्हर घेऊ नका. आधीच्या पाळीच्या सिस्टरबरोबर खाटेखाटेशी जा आणि प्रत्येक रुग्णाचा चेहरा, श्वास, सलाईनचा वेग आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) पाहा. ३५ पैकी चार-पाच जणी अशा निघतात ज्यांच्या बाबतीत पुढच्या काही तासांत बिघडू शकते. त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. दर दीड-दोन तासांनी, आणि प्रत्येक नव्या भरतीनंतर, ही चिठ्ठी पुन्हा तपासायची. संध्याकाळी तिच्यात नसलेले नाव मध्यरात्री पहिले होऊ शकते.

आणि एक कळकळीची विनंती. टीपीआरचा (तापमान, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा) तक्ता उघडून पाहा. कित्येक कक्षांत सगळ्या रुग्णांचा श्वास २० लिहिलेला आढळतो. नाडी यंत्र मोजते, रक्तदाब यंत्र मोजते, तापमान थर्मामीटर दाखवते. श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो, म्हणून तो मोजलाच जात नाही. आणि बिघडत चाललेल्या रुग्णात बहुधा तोच आकडा सर्वांत आधी बदलतो.

उत्तर २ : पाठ्यनिर्देशिका, परिचर्या महाविद्यालय

परिसेविका मॅडमनी क्रम अचूक लावला आहे. मी फक्त तो वर्गातल्या शिकवणीशी जोडते, कारण शिकवलेले कक्षात उपयोगी पडत नाही, अशी समजूत नवीन मुलींमध्ये लवकर रुजते आणि ती मला घातक वाटते.

श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम आपण पाठ करतो, पण त्याचा अर्थ कोणाचा अवयव अधिक महत्त्वाचा असा नसून कोणत्या बिघाडाला किती वेळ मिळतो, असा आहे. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला तर हातात काही मिनिटेच असतात. रक्तस्राव चालू असेल तर त्याहून थोडा अधिक वेळ असू शकतो. लघवी कमी होत असेल तर काही तास असतात. मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड आपण शिकवतो, तीही पाच रुग्णांत निवड करताना फार ढोबळ ठरते, कारण कक्षातल्या जवळजवळ प्रत्येकाची अडचण तिच्या तळाच्याच पायरीवर असते. तिथे दुसरा भेद उपयोगी पडतो : लक्षण अपेक्षित आहे की अनपेक्षित, आणि जुने आहे की नवे. यकृताच्या जुन्या रुग्णाचे पोट फुगलेले असणे अपेक्षित आहे. त्याच रुग्णाने आज दिवस कोणता हे चुकीचे सांगणे अनपेक्षित आणि नवे आहे.

क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयप्रक्रियेची चार अंगे मांडली : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि त्या कृतीकडे पुन्हा पाहणे. ताईंच्या प्रसंगात बेड १२ बद्दल पहिले अंग अगदी नीट साधले आहे. बाई संध्याकाळी ओरडत होत्या आणि आता शांत आहेत, हे त्यांनी स्वतः टिपले आणि इथे लिहिले. अडले ते अर्थ लावण्यात. शांतता म्हणजे आराम, हा अर्थ मनात आपोआप उमटतो. चिकित्सक विचार म्हणजे त्या क्षणी स्वतःला इतकेच विचारणे, की याचा दुसरा, वाईट अर्थ असू शकतो का, आणि असेल तर तो खोडून काढायला मला काय पाहावे लागेल. बेड १२ च्या बाबतीत तो अर्थ खोडायला एक हाक आणि १ मिनिट पुरते.

कामे सोपवण्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. मावशी आणि मामा यांच्याकडून सामान मागवता येते, ट्रॉली हलवता येते, नातेवाइकांना थांबवून धरता येते. विद्यार्थिनी असेल तर ती स्थिर रुग्णाचा टीपीआर घेऊ शकते. परंतु ज्या रुग्णाच्या स्थितीचा अर्थ अजून लावायचा आहे, त्याच्याकडे दुसऱ्याला पाठवून आपण सलाईन बदलायला जाऊ नये. सलाईन हातात घेतली की काम झाल्याचे समाधान लगेच मिळते, म्हणून नवीन मुली तिकडे ओढल्या जातात.

उत्तर ३ : परिचारिका, इंग्लंडमधील एका रुग्णालयात कार्यरत, मूळची कोल्हापूरची

इकडे हा निर्णय बराचसा एका गुणपद्धतीवर आधारलेला असतो, म्हणून तिची माहिती देते. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ मध्ये ती आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. सुधारित रूपाला न्यूज २ म्हणतात. श्वासाचा वेग, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्केवारीतले प्रमाण), रुग्ण ऑक्सिजनवर आहे की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान या सात गोष्टींना गुण द्यायचे. सगळे ठीक असेल तर शून्य. बेरीज ५ किंवा ६ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचे आणि तोवर किमान दर तासाला नोंदी घ्यायच्या. ७ किंवा अधिक झाली की अतितातडीचा कॉल आणि सतत देखरेख. एकाच गोष्टीला ३ गुण मिळाले, तरी बेरजेची वाट न पाहता कळवायचे.

बेड १२ च्या बाईंचे आकडे ताईंनी दिलेले नाहीत, म्हणून मी अंदाजाने धरते. श्वास २८ असेल तर ३ गुण, ऑक्सिजनवर असूनही सॅच्युरेशन ९३ असेल तर २, ऑक्सिजन लावलेला आहे याचे २, नाडी ११२ चे २, वरचा रक्तदाब १०६ चा १, ताप ३८.४ सेल्सियसचा १, आणि फक्त हाकेला प्रतिसाद देत असतील तर ३. एकूण १४. या बाई सलाईनच्या आधी येतात, हे नव्याने रुजू झालेल्या मुलीलाही कागदावर दिसते आणि तिला कोणाशी वाद घालावा लागत नाही. २०१७ च्या सुधारणेत नव्याने आलेला गोंधळलेपणा हाही ३ गुणांचा धरला गेला. म्हणजे संध्याकाळची ती आरडाओरड, ती नवी असेल आणि बाईंचे बोलणे असंबद्ध असेल तर, तेव्हाच डॉक्टरांना कळवण्याएवढी गंभीर होती. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी ८८ ते ९२ हे सॅच्युरेशन ठरवून दिलेले असते, त्यांच्यासाठी मात्र सॅच्युरेशनची वेगळी गुणपट्टी वापरावी लागते; हे विसरले की ऑक्सिजन नको तेवढा वाढवला जातो.

आणखी एक गोष्ट मला इकडे आल्यावर फार पटली. "आज आई नेहमीसारखी वाटत नाही," असे मुलीने सांगितले तर ती नोंद मानली जाते. इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्थाज रूल नावाची तरतूद टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली, जिच्यामुळे रुग्ण बिघडतो आहे असे वाटल्यास नातेवाईक स्वतः दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तपासणी मागू शकतात. मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने दगावली. तिच्या आईवडिलांनी वारंवार व्यक्त केलेली काळजी गांभीर्याने घेतली गेली नव्हती. आपल्याकडे खाटेजवळ रात्रंदिवस नातेवाईक असतात. बेड ४ चा घाम सुनेनेच पाहिला, हे लक्षात घ्यावे.

उत्तर ४ : परिसेविका, वैद्यकीय कक्ष

कोल्हापूरच्या ताई, गुणपद्धती उत्तमच आहे आणि आपल्या कक्षांत ती यावी, असे मलाही मनापासून वाटते. परंतु दारात ट्रॉलीवर थांबलेली डेंग्यूची मुलगी अजून कोणीच पाहिलेली नाही, आणि तिच्या बाबतीत ही पद्धत पुरी पडत नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

समजा तिच्या तापाचा पाचवा दिवस आहे, ताप आज उतरून ३७ झाला आहे, नाडी १०८, श्वास २०, सॅच्युरेशन ९८, रक्तदाब १०४/८८, मुलगी शुद्धीवर आहे. न्यूज २ प्रमाणे नाडीचा १ आणि रक्तदाबाचा १, एकूण २. म्हणजे चार ते सहा तासांनी पुन्हा पाहिले तरी चालेल. आता रक्तदाबाचे दोन्ही आकडे एकत्र वाचा. त्यांच्यातले अंतर १६ आहे. डेंग्यूमध्ये हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, हातपाय गार पडले, की रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपत असून शॉकची सुरुवात झालेली आहे, असे समजायचे. डेंग्यूतला धोक्याचा काळ ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. तिची आई सांगेल, "ताप गेला, आता बरी आहे," आणि त्याच वेळी पोटात दुखते, सारखी उलटी होते, हिरड्यांतून रक्त येते किंवा मुलगी मलूल पडली आहे, यांपैकी काही ना काही ती सहज बोलून जाईल. ते विचारून घ्या. तिचे कपाळ न पाहता तळवे हातात घेऊन पाहा, नख दाबून रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का ते बघा, आणि रक्तदाब स्वतः पुन्हा मोजा. असे काही आढळले तर ती मुलगी बेड १२ आणि बेड ४ यांच्या लगेच मागे लागते आणि रक्ताच्या पिशवीच्या पुढे जाते.

उत्तर ५ : अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, कोकण

इथली चर्चा वाचून आमच्याकडचे एक उदाहरण द्यावेसे वाटले. आमच्याकडे रात्री एक सिस्टर, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक शिपाई असतात. एकाच वेळी पाच रुग्ण क्वचित येतात, पण आलेल्या एकाच रुग्णाला आधी काय करायचे, हाही प्राधान्यक्रमाचाच प्रश्न असतो.

पावसाळ्यात पहाटे चारच्या सुमारास घरचे लोक एखाद्या तरुणाला पोट दुखते म्हणून घेऊन येतात. उलटी झालेली असते, ताप नसतो, अंगावर कुठे काही दिसत नाही. अपचन समजून इंजेक्शन द्यावे आणि बाकावर बसवावे, असेच कोणालाही वाटेल. आम्ही अशा वेळी पहिला प्रश्न विचारतो : रात्री झोपला कुठे होतात? जमिनीवर अंथरूण घालून झोपलो होतो, असे उत्तर आले की मण्यारीचा विचार मनात आणायचाच. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, चावा जवळजवळ दुखत नाही आणि दातांच्या खुणाही पुष्कळदा सापडत नाहीत. मग रुग्णाला मान स्थिर ठेवून वर पाहायला सांगायचे; पापण्या अर्ध्यावरच राहतात का ते पाहायचे. उशीवरून डोके उचलता येते का, थुंकी गिळता येते का, आणि एका श्वासात मोठ्याने किती आकडे मोजता येतात, ते बघायचे. मघाशी २५ पर्यंत मोजणारा माणूस आता १२ वर थांबत असेल, तर पोटदुखीचा विषय मागे पडला आणि श्वासाचा पुढे आला. सॅच्युरेशन त्या वेळी ९८ दाखवत असले, तरी त्यावर विसंबू नये. स्नायू दुबळे होत असताना तो आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि मग झपाट्याने घसरतो.

त्यानंतरचा आमचा क्रम ठरलेला आहे. रुग्णाला कुशीवर वळवायचे, सक्शन आणि अँबू बॅग उशाशी ठेवायची, वैद्यकीय अधिकाऱ्यांना उठवायचे, शिरेचा मार्ग उघडायचा, सर्पविषरोधक लसीच्या कुप्या मोजून काढायच्या, सुरुवातीला १० लागतात, आणि १०८ ला फोन करून पुढे व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयाची व्यवस्था सुरू करायची. रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणीही लावायची. काचेची नळी नवी किंवा स्वच्छ आणि कोरडी हवी, साबणाचा अंश राहिला तर चाचणी फसते. ही चाचणी घोणस आणि फुरसे यांच्या विषात बिघडते. मण्यारीत ती बहुधा ठीक येते, म्हणून ती ठीक आली एवढ्यावरून रुग्णाला मोकळे सोडायचे नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या क्रमात बेड १२ शेवटी का होता, हे आता मला नीट कळले. हालचाल आणि आवाज यांवरून मी क्रम लावत होते. ओव्हर घेताना चिठ्ठी करण्याची सवय आजच्याच पाळीपासून लावून घेते.

एक शंका उरते. क्रम बरोबर लावला, बेड १२ चा धोका ओळखला, पण रात्री फोन केल्यावर निवासी डॉक्टर दुसऱ्या कक्षात अडकलेले असतात. "पेशंट बरी वाटत नाही, जरा येता का," असे मी म्हणते आणि "आलोच" असे उत्तर येते. त्यांच्याही यादीत माझ्या रुग्णाला वरचे स्थान मिळावे, यासाठी नेमके काय बोलावे?

उत्तर ६ : ब्रदर, अतिदक्षता विभाग

सिस्टर, फोनवर डॉक्टरांना तुमचा रुग्ण दिसत नाही. त्यांना तुमच्या वाक्यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी एसबार नावाची रीत आहे. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरील संदेशपद्धतीवरून रुग्णालयांत आली. आत्ता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, तुम्हाला काय वाटते, आणि तुम्हाला काय हवे आहे, हे याच क्रमाने सांगायचे. फोन उचलण्याआधी आकडे कागदावर लिहून घ्या आणि केसपेपर समोर उघडा ठेवा. बेड १२ साठी मी असे बोलेन :

"सर, स्त्री वैद्यकीय कक्षातून बोलतो आहे, बेड १२. रुग्ण फक्त हाकेला प्रतिसाद देते आहे, श्वास २८, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९३, नाडी ११२, रक्तदाब १०६/६८. न्यूमोनियाचा दुसरा दिवस आहे, संध्याकाळी त्या बेचैन होत्या, झोपेचे कोणतेही औषध दिलेले नाही. त्या श्वास घेऊन थकल्या आहेत आणि आणखी बिघडतील, असे मला वाटते. आपण आत्ता इथे यावे. तोवर डोके वर केले आहे, अँबू आणि सक्शन तयार आहे; एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची) सिरिंज काढून ठेवू का?"

यातला तिसरा भाग, म्हणजे मला काय वाटते ते, आपल्यापैकी बरेच जण गाळतात, कारण निदान करणे आपले काम नाही असे मनावर ठसलेले असते. इथे आपण निदान करत नाही. रुग्णाजवळ उभे राहून जे दिसते त्याचा अर्थ सांगतो, आणि तो सांगणे परिचर्येचाच भाग आहे. शेवटी मागणी स्पष्ट हवी. "जरा येता का" यात वेळ नाही, "आत्ता यावे" यात आहे. फोनवर तोंडी आदेश मिळाला तर औषधाचे नाव, मात्रा आणि मार्ग मोठ्याने परत म्हणून दाखवा, लिहून घ्या आणि डॉक्टर आल्यावर त्यावर सही घ्या.

"आलोच" म्हणून डॉक्टर आले नाहीत, तर किती वेळ थांबायचे हे तुमच्या कक्षात आधीच ठरलेले असले पाहिजे. ठरलेले नसेल तर परिसेविकांकडून उद्याच ठरवून घ्या. बेड १२ सारख्या रुग्णासाठी मी ५ मिनिटांनी पुन्हा फोन करतो, त्यानंतर थेट वरिष्ठ निवासी डॉक्टरांना आणि रात्रपाळीच्या पर्यवेक्षक सिस्टरांना कळवतो. मधल्या काळात श्वास मंदावला किंवा हाकेचा प्रतिसाद गेला, तर ५ मिनिटेही थांबत नाही. प्रत्येक फोनची वेळ, कोणाशी बोललो आणि त्या वेळचे आकडे केसपेपरवर लिहितो, आणि डॉक्टर खाटेशी पोहोचले की तोच कागद त्यांच्यासमोर धरतो.